रेडिओचा हिरवा डोळा

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला पुढच्या बाजूला एक हिरवा डोळा असे. आमच्या वयाच्या मंडळींना तो नक्की आठवत असेल. बटण फिरवले की आधी व्हॉल्व्ह तापायचे, मग तो डोळा हळूहळू उजळायचा. स्टेशन नेमके लागले की त्यातली काळी फट मिटत जायची आणि काटा जरा सरकला की पुन्हा रुंदावायची. घरातली मोठी माणसे त्या फटीकडे बघूनच स्टेशन लावीत. त्याचे नाव ‘मॅजिक आय’. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने तो १९३५ साली बाजारात आणला.

हा डोळा काही शोभेसाठी नव्हता. रेडिओच्या पोटात एक राखणदार बसलेला असतो आणि तो किती जोर लावतो आहे, हे त्या डोळ्यात दिसे. राखणदाराचे जुने नाव ऑटोमॅटिक व्हॉल्यूम कंट्रोल, आताचे ऑटोमॅटिक गेन कंट्रोल. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, त्याला नुसते एजीसी म्हणतात. आज लिहायचे आहे ते याच्याविषयी.

मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हाच्या सेटमध्ये ही सोय नव्हती. जवळचे स्टेशन लागले की सेट किंचाळायचा आणि दूरचे लागले की त्याला कान चिकटवून बसावे लागायचे. एक हात सतत आवाजाच्या बटणावर. यावरचा उपाय हॅरल्ड व्हीलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२५ साली शोधला आणि १९२९ मध्ये तो फिल्को कंपनीच्या सेटमध्ये आला. युक्ती साधी आहे. आलेल्या लहरीचा जोर मोजायचा, त्या प्रमाणात ऋण दाब तयार करायचा आणि तो मागे आधीच्या व्हॉल्व्हना द्यायचा. लहर जोरदार असली की व्हॉल्व्ह आपोआप मंदावतात, क्षीण असली की पूर्ण ताकदीने चालतात. दोन स्टेशनांच्या मधे खरखर एकदम वाढते ती याचमुळे. तिथे ऐकण्यासारखे काही नसते, म्हणून राखणदार सगळे दरवाजे सताड उघडून बसतो.

रेडिओ सिलोन ऐकणाऱ्यांवर या माणसाचे मोठे उपकार आहेत. १९५२ मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली, ती लघुलहरींवर. या लहरी आकाशातल्या थरावर आपटून खाली येतात, आणि तो थर कधी स्थिर नसतो. गाणे भरतीसारखे वर यायचे आणि ओहोटीसारखे जायचे. एजीसी नसता तर निम्मे गाणे ऐकूच आले नसते. कधी कधी आवाज पुरेसा असूनही लता मंगेशकरांचा स्वर घोगरा, फाटका यायचा. तिथे मात्र एजीसीचा इलाज चालत नाही, कारण लहरीचा मधला कणाच तेवढा क्षीण होतो आणि बाजूचे भाग तसेच राहतात.

पण या राखणदाराला एक खोड आहे. जो मोठ्याने बोलतो त्याच्यावरून तो माप घेतो. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा पुटपुटत असतो आणि पुढचा ओरडत असतो. मास्तरांनी पुढच्याला गप्प करण्यासाठी सगळ्या वर्गालाच आवाज खाली घ्यायला लावला, तर पुटपुटणाऱ्याचे काय होईल? सांगलीकरांनी हे अनुभवले असेल. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि गावातल्या स्वस्त सेटवर मध्यम लहरींची शेजारची दूरची केंद्रे दबून जाऊ लागली. लोकांनी न शिकता उपाय शोधला. ट्रान्झिस्टर उचलायचा आणि आडवा-तिरपा फिरवून ठेवायचा! आतल्या फेराइटच्या कांडीचे टोक जोरदार केंद्राकडे झाले की ते केंद्र मंदावते आणि दूरचे डोके वर काढते. शास्त्र कुणाला ठाऊक नव्हते, पण हात बरोबर वळत.

आता १९४२ कडे जातो. तेव्हा आजचा सांगली जिल्हा नव्हता. तासगाव, वाळवे हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. (दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये.) ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. अशा दिवसांत २७ ऑगस्टपासून मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवीत होते. जागा बदलत, पोलिसांना चुकवत त्यांनी तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालवला. शेवटी पोलिसांनी छापा घातला आणि पुढे उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. आकडेमोड केली तर हे होतात सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आपल्याकडचे हॅम लोक रोज सकाळी गप्पा मारतात त्या चाळीस मीटरच्या बँडच्या ऐन मध्यात! युद्धामुळे हौशी मंडळींचे परवाने तेव्हा स्थगित होते. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो. रात्री सात मेगाहर्ट्झवर जवळची केंद्रे मंदावतात आणि हजारो मैलांवरची जोरात येतात. छोट्या चोरट्या केंद्राला हे सर्वांत अडचणीचे. त्याच्या शेजारी एखादे परदेशी दांडगे स्टेशन आले की ऐकणाऱ्याच्या सेटमधला राखणदार त्या दांडग्याचे माप घेणार आणि मुंबईचा आवाज दाबणार. घरगुती सेटला एजीसी बंद करण्याचे बटण नसे. ज्यांच्याकडे वेळ, यंत्रे आणि पगारी माणसे होती त्यांनी मात्र तो रेडिओ नीट ऐकला, म्हणजे पोलिसांनी. त्यांनी उतरवून घेतलेली भाषणे आज इतिहासकारांना उपयोगी पडतात. काय गंमत आहे पाहा.

स्वातंत्र्यानंतर हॅम लोक सिंगल साइडबँडकडे वळले. त्यात मधला कणा पाठवतच नाहीत, फक्त बोलण्याची लहर जाते. माणूस श्वास घ्यायला थांबला की लहरच नाही. म्हणून इथे एजीसीने झटकन पकडायचे आणि सावकाश सोडायचे असते, नाहीतर दर दोन शब्दांमध्ये खरखर उसळते. सेटवर ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ असे खटके असतात ते या सोडण्याच्या वेगाचे. गप्पांना स्लो छान.

संकटात मात्र हाच स्लो घात करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हा हॅम मंडळींनी तिथे संपर्काची सोय उभी केली. २००१ मध्ये भूजलाही तसेच. आमच्या भागाने ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप पाहिलेला आहे, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा येतो. अशा वेळी एकाच लहरीवर जवळचा दणदणीत सेट असतो आणि कुठेतरी गाडीच्या बॅटरीवर चालणारा दुबळा सेटही असतो. दणदणीत माणूस ‘ओव्हर’ म्हणून थांबतो. राखणदार सावकाश, एक-दोन सेकंदांत सैल होतो. तेवढ्यात दुबळ्याने आपले नाव आणि गावाचे नाव सांगूनही टाकलेले असते.

आपल्याकडे यात वळवाची भर. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की सह्याद्रीच्या कडेने ढग चढतात, आणि साताऱ्यापासून मिरजेपर्यंत कुठेही वीज चमकली तरी सात मेगाहर्ट्झवर ‘कड्’ असा आवाज येतो. प्रत्येक कडाडण्यानंतर स्लो एजीसी सेटला क्षणभर बहिरा करून ठेवतो. तेव्हा खटका फास्टवर न्यावा. त्यानेही भागले नाही तर एजीसी सरळ बंद करावा, आवाजाचे बटण वर न्यावे आणि आरएफ गेन हळूहळू खाली आणावा. मागची खरखर जेमतेम कानाला लागेल इतपत तो ठेवायचा. अनेक जुन्या सेटवर असे केले की सिग्नल मोजणारा काटा निकामी होतो, कारण तो काटाही एजीसीच्याच दाबावर चालतो, हिरव्या डोळ्यासारखा. त्याच्याकडे बघू नये. आणि हेडफोन लावला असेल तर तो कानापासून जरा सैल ठेवावा, पुढची वीज आता थेट कानात येणार असते.

नव्या सेटमध्ये हे सगळे मेनूत असते. पकडण्याचा वेग, सोडण्याचा वेग, मधे किती धरून ठेवायचे, सगळे आकड्यांत. बहुतेक जण कारखान्यातून आले तसेच ठेवतात. संगणकाला जोडलेल्या सेटवर तर क्षीण स्टेशनाची पुसट रेघ आधी पडद्यावर दिसते. तिच्यावर नेमके जाऊन आरएफ गेन खाली घेतला की खरखरीतून कुणाचे तरी अर्धे नाव कानावर येते. मग लगेच वही ओढायची आणि वेळ लिहून ठेवायची.