चौकातला दिवा आणि चौकातले वर्तुळ

दोन ग्रामीण रस्ते एकमेकांस छेदतात तेथे अपघात होऊ लागले, की पहिली मागणी दिव्यांची होते. या दिव्याचा जन्म मात्र भर शहरातला. १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंट-भवनासमोर जे. पी. नाइट या रेल्वे-अभियंत्याच्या योजनेचा खांब उभा राहिला. दिवसा आगगाडीच्या सिग्नलासारखे हात, रात्री गॅसवर जळणारे तांबडे-हिरवे दिवे! महिना उलटतो न उलटतो तोच गॅसचा भडका उडाला आणि तो चालविणारा पोलीस जखमी झाला. विजेचा सिग्नल अमेरिकेत क्लीव्हलंड येथे लागला तो ५ ऑगस्ट १९१४ रोजी.

वर्तुळाची कथा याहून बोधक आहे. पॅरिसच्या भव्य चौकात १९०७ पासून गाड्या एकाच दिशेने फिरू लागल्या. परंतु वर्तुळात शिरणाऱ्याने थांबावे की आत फिरणाऱ्याने, याचा उलगडा व्हावयास पुढे कित्येक दशके लागली. आत येणाऱ्यालाच वाट दिली, तर गर्दीत सारे वर्तुळ जागच्या जागी गच्च होते. फ्रँक ब्लॅकमोर या इंग्रज अभियंत्याने प्रयोग करून फिरणाऱ्याचा अग्रहक्क किती उपयुक्त आहे ते दाखविले, आणि १९६६ मध्ये ब्रिटनने तोच नियम केला. आजचे वर्तुळ खरे तेव्हापासूनचे.

ग्रामीण चौकात वैरी असतो तो वेग. मोकळ्या रस्त्यावर हिरवा दिवा दिसला, की चालकाचा पाय सैल होत नाही, उलट जड होतो. आणि दुसऱ्या बाजूने कोणी तांबडा दिवा ओलांडला, तर टक्कर थेट कुशीवर बसते. वर्तुळ सर्वांनाच वळावयास लावते. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या मार्गांचे परस्परांशी गाठ पडण्याचे ३२ बिंदू असतात, एकपदरी वर्तुळात केवळ ८. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील लिस्बन या खेड्याजवळ १९९३ मध्ये असा बदल केला, तेव्हा अपघात पुष्कळच घटले. शिवाय वीज गेली म्हणून वर्तुळ बंद पडत नाही!

तरीही एका रस्त्यावर अखंड रहदारी आणि दुसऱ्यावर तुरळक, असे असेल तर वर्तुळाच्या तोंडाशी तुरळक बाजूची गाडी ताटकळते. तेथे दिवाच बरा. जागाही अधिक लागते. लांबलचक मालमोटारींची मागली चाके वळणात आत सरकतात, म्हणून मधल्या बेटाभोवती किंचित उंच, पण चाक चढू शकेल असा फरसबंदीचा पट्टा ठेवतात.