श्रुतपंचमी आणि कॅसेटींचं कपाट



श्रुतपंचमीला आपण घरातली शास्त्रं बाहेर काढतो, धूळ झटकतो, नवी वेष्टनं बांधतो. यंदा माझं हे काम दुपारपर्यंत आटोपलं. हातात कोरडं फडकं होतंच, म्हणून शेजारचं कपाट उघडलं. ते कपाट ह्यांचं. त्यात एकाच इंग्रजी मालिकेच्या कॅसेटी आणि डिस्क आहेत. मालिका 'स्टार ट्रेक'. अंतराळयानातून फिरणारी माणसं, त्यांच्यात टोकदार कानांचा एक परग्रहवासी, मिस्टर स्पॉक. तुमच्यापैकी कुणी ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शन पाहत असेल, तर तिला ते कान नक्की आठवतील.

मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं आता मोबाईलवर दिसतं. पावसाळ्याआधी भंगारात दे." मी बी.कॉम., त्यामुळे आधी मोजदाद केली. मालिकेचे भाग ७९, आणि ह्यांनी ते वेगवेगळ्या रूपांत चार वेळा विकत घेतलेले! आपलं परिग्रहपरिमाण व्रत डोळ्यांसमोर आलं आणि हसूही आलं. पण कपाट रिकामं करायला बसले आणि दोन महिने त्यातच गुंतले. का, ते सांगते.

आमचं घर खडकवासल्याला. गच्चीतून सिंहगड दिसतो आणि गडावरचा दूरदर्शनचा मनोराही. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधी जयंतीला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंग आला, पाठोपाठ व्हीसीआर आले. लग्नानंतर आमच्याकडेही ह्यांच्या बचतीतून एक व्हीसीआर आला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हापासून घरोघरी अवकाशाचं वेड होतं. 'स्टार ट्रेक' लागली की हे व्हीसीआरपाशी बसून रेकॉर्डिंग करत.

ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. ती बनवली डेसिलू स्टुडिओनं, आणि त्याची मालकीण होती विनोदी अभिनेत्री ल्यूसिल बॉल. वाहिनीनं पहिला नमुना-भाग नाकारला, तरी दुसरा बनवायला ती ठामपणे पाठीशी राहिली. दोन वर्षांनी मालिका बंद पडण्याची चिन्हं दिसू लागली, तेव्हा बीजो ट्रिंबल नावाची एक प्रेक्षक बाई आणि तिचा नवरा यांनी देशभरातल्या चाहत्यांकडून वाहिनीला पत्रं लिहून घेतली. तिसरं वर्ष मिळालं. पहिल्या दोन वर्षांचे ५५ भाग होते, तिसऱ्याचे २४ मिळून ७९ झाले. हे महत्त्वाचं, कारण स्थानिक केंद्रांना रोज एक भाग पुन्हा दाखवायचा तर भागांचा साठा मोठा लागतो. १९६९ मध्ये बंद पडलेली मालिका त्या पुनःप्रक्षेपणांमुळेच लोकप्रिय झाली आणि पुढे आपल्यापर्यंत पोचली.

आता कपाटाकडे वळते. सगळ्यात खालच्या खणात व्हीएचएस कॅसेटी. काही ह्यांच्या बहिणीनं लंडनहून आणलेल्या, एकेका कॅसेटवर दोन-दोन भाग. ब्रिटनची आणि आपली टीव्हीची पद्धत एकच, पाल. अमेरिकेची वेगळी, एनटीएससी, त्यामुळे तिथली कॅसेट आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर चालत नसे. गंमत म्हणजे मूळ फिल्म सेकंदाला २४ चित्रांची आणि पाल पद्धत २५ ची, म्हणून लंडनच्या कॅसेटवर पन्नास मिनिटांचा भाग अठ्ठेचाळीस मिनिटांतच संपतो. सगळेजण किंचित घाईत बोलतात.

त्याच्या वरच्या खणात डीव्हीडी. अमेरिकेत १९९९ पासून एका डिस्कवर दोन भाग, अशा चाळीस डिस्क निघाल्या. मग २००४ मध्ये एकेका वर्षाचे संच आले, पिवळा, निळा आणि लाल. यानावरच्या गणवेशाचे रंग तेच. त्यातही एक कुलूप होतं. जगाचे भाग पाडून डिस्कला क्रमांक दिले होते, अमेरिका १, ब्रिटन २, आपण ५. दुसऱ्या भागातली डिस्क चालवायला ह्यांनी कुठून कुठून प्लेअर शोधला, ते विचारू नका.

सगळ्यात वर ब्लू-रे, २००९ चे. त्याआधी एचडी-डीव्हीडी नावाचा आणखी एक प्रकार आला होता. मालिकेचं पहिलं वर्ष त्यावर नोव्हेंबर २००७ मध्ये निघालं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तो प्रकारच बंद झाला. मराठीत ज्याला आपण तोंडघशी पडणं म्हणतो, ते घेणाऱ्यांचं झालं. आम्ही त्यातून वाचलो. ब्लू-रेमध्ये मात्र एक चांगली सोय आहे. अवकाशातली दृश्यं संगणकावर नव्यानं केली आहेत, पण हवी तर जुनी, लाकडी यानाची दृश्यंही पाहता येतात. नवं देताना जुनं पुसलेलं नाही.

हा 'पुसण्याचा' मुद्दा मला पुढे फार लागला.

तो पहिला नाकारलेला नमुना-भाग, 'द केज', हेच बघा. त्यातली रंगीत फिल्म कापून दुसऱ्या एका भागात वापरली आणि उरलेली गेली कुठे तरी. शिल्लक होती निर्मात्याकडची एक कृष्णधवल प्रत. १९८६ मध्ये कॅसेट काढली तेव्हा रंगीत तुकडे आणि कृष्णधवल तुकडे जोडून ती पुरी केली. पुढच्याच वर्षी हरवलेले रंगीत तुकडे एका फिल्म लॅबमध्ये सापडले! म्हणून ती ठिगळ लावलेली कॅसेट संग्राहक जपतात.

इंग्लंडमध्ये याहून वाईट झालं. तिथली 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ पासूनची. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित, आणि लोक हे विकत घेऊन घरी बघतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बीबीसीनं जुन्या टेप पुसून त्यांच्यावर नवे कार्यक्रम घेतले. साठच्या दशकातले कितीतरी भाग गेले. परदेशी पाठवलेल्या फिल्मच्या प्रतींतून काही परत मिळाले. २०१३ मध्ये तर नायजेरियातल्या एका केंद्रातून नऊ भाग सापडले. आणि जे भाग सापडले नाहीत त्यांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण काही मुलांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून इथे आहे. पी. के. नायर यांनी आयुष्यभर देशभरातून डबे गोळा करून ते उभं केलं. तरी जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या फिल्म गेल्या. जपणाऱ्यांची कळकळ कमी नव्हती, पण एका जागी असलेली वस्तू एका दिवसात जाते.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला आपलंच आठवत होतं. धरसेनाचार्यांना वाटलं, स्मरणशक्ती क्षीण होत चालली, श्रुत आता लुप्त होईल. म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. तोच श्रुतपंचमीचा दिवस. शतकानुशतकं तो आणि त्याची धवला टीका ताडपत्रांवर मूडबिद्रीला राहिली. १९३९ पासून हिरालाल जैन यांच्या संपादनात धवला अमरावतीहून छापून येऊ लागली. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेनं ती ताम्रपटांवर कोरली गेली, ते फलटणला आहे. ताडपत्र, कागद, छपाई, तांबं. रूप बदलत गेलं म्हणून आशय टिकला. आणि दहाव्या शतकातली आपली दानचिंतामणी अत्तिमब्बे! पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या तिनं एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. तिनं हजार प्रती स्वतःच्या कपाटात ठेवल्या असत्या तर तो परिग्रह झाला असता. वाटल्या, म्हणून शास्त्रदान झालं.

मालिकेची आणि शास्त्राची बरोबरी मी करत नाही, गैरसमज नको. पण टिकण्याची रीत एकच आहे.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

१९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळीच. सासूबाईंची मंदिरातल्या स्वाध्यायाची वेळ तीच. "आपल्या पद्मपुराणात रावणाला लक्ष्मण मारतो, हे काय दाखवतात ते बघायचं आहे," असं त्या म्हणायच्या. एका रविवारी घरात कोरी कॅसेट नव्हती. तेव्हा एक कॅसेट दीडशेच्या पुढे मिळायची आणि महिनाअखेर होती. मी ह्यांच्या खणातली एक कॅसेट काढली, व्हीसीआरमध्ये घातली आणि लाल बटण दाबलं. पुढचे तीन रविवारही तीच. तीन तासांच्या त्या कॅसेटवर ह्यांनी दूरदर्शनवरून घेतलेले 'स्टार ट्रेक'चे तीन भाग होते. दूरदर्शनवरून उतरवलेलं तेवढंच नीट राहिलं होतं. बाकीच्या कॅसेटींना धरणाकाठच्या दमट हवेत आधीच्या पावसाळ्यात बुरशी आली होती. बुरशी म्हणजे अनंतकाय जीव, त्यामुळे त्या घासायलाही मन धजेना.

ह्यांना कळलं असावं, पण बोलले नाहीत. मीही नाही. नंतर हे जेव्हा जेव्हा नवा संच घेत, मी कुरकुर करायची, "एकच वस्तू किती वेळा!" आता वाटतं, जे गेलं ते शोधत असतील. पण ते कोणत्याच संचात नव्हतं. विकतच्या डिस्कवर मालिका असते. दूरदर्शनची निवेदिका, मध्येच येणारी 'रुकावट के लिए खेद है' ची पाटी, आमच्या घरातला तो रविवार नसतो. बीबीसीनं टेप पुसल्या त्या महाग होत्या म्हणून आणि त्या दिवशी दुसरं काही जास्त गरजेचं होतं म्हणून. माझंही कारण तेच. 'रामायण' मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पुन्हा लागलं, आज कुणालाही मिळतं. मी पुसलेलं मिळत नाही.

ती कॅसेट कपाटात सापडली. वर सासूबाईंच्या अक्षरात 'रामायण'. एका ओळखीच्या दुकानदाराकडे जुना व्हीसीआर होता, तिथे लावून पाहिली. चार भाग संपले, पडद्यावर मुंग्या आल्या, मी उठणार, तेवढ्यात मिस्टर स्पॉक दिसले. हिशेब साधा होता, चाळीस मिनिटांचे चार भाग म्हणजे एकशे साठ मिनिटं, कॅसेट एकशे ऐंशीची. शेवटची वीस मिनिटं माझ्या हातून वाचली होती.

भाग होता 'द डेव्हिल इन द डार्क'. खाणीत एक प्राणी कामगारांना मारतोय म्हणून सगळे त्याला मारायला निघतात. तो प्राणी दगडाचा. स्पॉक त्याच्या मनाशी संवाद साधतो तेव्हा कळतं, ती आई आहे. खाणवाल्यांनी गोळे समजून फोडले ती तिची अंडी होती. पृथ्वीकायिक जीव म्हणत आपण मोठ्या झालो, आणि मला आयुष्यभर वाटत होतं की हे बंदुकांची मालिका बघतात! शेवटच्या वर्षातल्या एका भागात तर स्पॉक नाइलाजानं मांस खातो आणि स्वतःलाच घाबरतो, कारण त्याचे लोक शाकाहारी. हे मला ह्यांनी कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणून झालं. मग ह्यांच्यापुढे ती कॅसेट ठेवली आणि म्हटलं, "ही मी पुसली होती." ह्यांनी ती उलटी करून मागची बाजू दाखवली. कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असते, ती तोडली की वर दुसरं रेकॉर्ड होत नाही. ती शाबूत होती. म्हणाले, "टिकली मी तोडायला हवी होती. अर्धी चूक माझी."

मग आम्ही दोघांनी मिळून कपाटाचं परिमाण ठरवलं, एक खण. त्यात ब्लू-रेचा एक संच, ती ठिगळाची कॅसेट आणि आमची 'रामायणा'ची कॅसेट. बाकीचे संच ज्यांना हवे होते त्यांना दिले. त्या वीस मिनिटांच्या प्रती करून घेतल्या, एक मुलाकडे, एक नणंदेकडे लंडनला, एक माहेरी सांगलीला. सासूबाईंचं अक्षर असलेला कागद तसाच ठेवला आहे.

तुमच्याही माळ्यावर लग्नाच्या, पंचकल्याणकाच्या, एखाद्या महाराजांच्या प्रवचनाच्या कॅसेटी असतील. पावसाळा संपला की कोरड्या दिवशी काढून बघा. आधी मागची टिकली तोडा. मग प्रत करा, आणि एक तरी प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.