लासलगावचे ‘कृषक’: कांद्यासाठी उभारलेले, आंब्याने जगवलेले

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. लिलावात ट्रॉली उभी राहिली की व्यापारी चार कांदे उचलतो, पत्ती बघतो आणि अंगठ्याने माथा दाबतो. माथा मऊ लागला की आत कोंब सुटला, आणि भाव तिथेच खाली येतो. मार्च ते मे दरम्यान काढलेला उन्हाळ कांदा चाळीत पडतो आणि पावसाळी दमट हवेत कोंब धरू लागतो. घट, सड आणि कोंब यांत चाळीतला पाव हिस्सा सहज जातो. शेतकऱ्याचा माल जातोच, शिवाय दिवाळीच्या तोंडाला शहरात कांदा महागतो.

याच दुखण्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावात उपाय मांडला. कांदा, बटाटा आणि मसाल्यांवर विकिरण प्रक्रिया करायला कायद्याने १९९४ मध्ये परवानगी दिली होती. वाशीत मसाल्यांसाठी केंद्र २००० मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये लासलगावचे ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, कामाला लागले. बाजारपेठेच्या दारात अणुतंत्रज्ञान आणून ठेवण्याचा हा निर्णय धाडसाचा होता, आणि जागाही अचूक निवडली होती.

जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-६० चा स्रोत असतो. माल त्याच्यासमोरून फिरून बाहेर येतो. कांद्याला ६० ते ९० ग्रे एवढी अल्प मात्रा पुरते. तेवढ्याने कोंबाची वाढ थांबते. छातीचा एक्स-रे काढल्याने माणूस किरणोत्सारी होत नाही, तसा कांदाही होत नाही. अट मात्र कडक आहे. काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत, कांदा सुप्तावस्थेत असतानाच प्रक्रिया व्हावी लागते. शिवाय किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. नीट न सुकवलेला किंवा मार लागलेला कांदा विकिरणानंतरही सडणारच.

गणित इथेच अडले. ज्या दिवसांत प्रक्रिया करायची, त्याच दिवसांत आवक सर्वांत जास्त आणि भाव सर्वांत पडलेला. किलोला पाच-सात रुपये मिळत असताना वाहतूक, हमाली आणि प्रक्रियेचा खर्च शेतकऱ्याने कशाला अंगावर घ्यावा? त्यात पुढे भाव मिळेल याची हमी कुणाकडेच नाही. दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा नव्हता; खर्च त्याचा आणि फायदा पुढच्या साखळीचा, अशी ती मांडणी होती.

केंद्राला नाव मिळवून दिले ते कोकणातल्या फळाने. आंब्याच्या कोयीत लपणाऱ्या भुंग्याच्या भीतीने अमेरिकेचे दार भारतीय आंब्याला जवळपास अठरा वर्षे बंद होते. कोयीपर्यंत पोहोचणारा खात्रीचा उपाय म्हणजे विकिरण. किमान ४०० ग्रेची मात्रा ठरली, अमेरिकी कृषी खात्याने ‘कृषक’ला मान्यता दिली आणि एप्रिल २००७ मध्ये पहिला हापूस अमेरिकेला रवाना झाला. अमेरिकेबाहेरच्या कोबाल्ट केंद्राला अशी मान्यता मिळण्याची जगातली ही पहिलीच वेळ. लासलगावसारख्या गावाने हा मान मिळवला, याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण रत्नागिरी-देवगडची पेटी मुंबई ओलांडून कसारा घाट चढायची, प्रक्रिया करून घ्यायची आणि विमानासाठी पुन्हा मुंबईला उतरायची. नाजूक फळाला हा उलटा हेलपाटा परवडणारा नव्हता. राज्याच्या कृषी पणन मंडळाने पुढे वाशीतच विकिरण सुविधा उभी केली, ते योग्यच झाले. करोनाच्या काळात अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि निर्यात थांबली. यंत्र सज्ज, आंबा पिकलेला, पण शिक्का मारणारा माणूस नाही. देखरेखीचा नवा करार झाल्यावर २०२२ मध्ये पेट्या पुन्हा निघाल्या.

२०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने लासलगावात १५० टन कांद्यावर विकिरणाचा प्रयोग हाती घेतला आणि ‘कृषक’ मूळ कामाकडे वळले. सरकारच्या राखीव साठ्यापासून सुरुवात करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. तिथे खरेदीदार एकच असतो, माल मोठा असतो आणि नासाडीचा खर्चही त्याच खरेदीदाराच्या माथी पडतो. म्हणजे प्रक्रियेवर पैसा घालणारा आणि त्याचा लाभ घेणारा एकच राहतो.

मात्र नुसत्या किरणांवर भिस्त ठेवून चालणार नाही. शेतात पातीसह सुकवण, बांधावर प्रतवारी, जोड आणि डेंगळ्यांचे कांदे बाजूला काढणे आणि प्रक्रियेनंतर हवेशीर किंवा शीत साठवण ही सगळी साखळी केंद्राभोवती जुळवावी लागेल. नाफेड, बाजार समित्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे काम वाटून घ्यावे. उन्हाळ कांद्याची काढणी मार्चमध्ये सुरू होते. खरेदीचे आणि प्रक्रियेचे वेळापत्रक त्याआधी, जानेवारीतच जाहीर व्हावे.