उच्च शिक्षणाची पूर्वतयारी : बारामती व इंदापूर

माध्यमिक शिक्षण संपत असताना महाविद्यालय, तांत्रिक प्रशिक्षण, शेती वा नोकरी यांपैकी योग्य मार्ग निवडण्यास, तसेच त्यासाठी पैसा, निवास व दाखले यांची तरतूद करण्यास विद्यार्थ्याच्या कुटुंबाला मिळणारे साहाय्य. पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत या साहाय्याचा इतिहास पाणी, अंतर व शुल्क या तीन गोष्टींशी निगडित आहे.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात आले आणि कालव्याकाठी उसाची बागायत वाढली. सुपे, मोरगाव यांसारखी गावे मात्र जिरायतच राहिली. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयही १८८५ मध्येच निघाले. परंतु बारामतीहून पुणे सु. १०० किमी. दूर. सधन बागायतदाराला मुलाचा तेथील खर्च झेपे. जिरायतदाराच्या दृष्टीने शुल्काइतकीच मुलाच्या श्रमाला मुकण्याची अडचण मोठी होती.

या अडचणीवर पश्चिम महाराष्ट्रात वसतिगृहाचा उपाय पुढे आला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. श्रम करून शिकण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे शिक्षणाचा भार केवळ पालकांवर राहिला नाही. १९५९ मध्ये राज्य शासनाने कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफी दिली. १९६२ मध्ये बारामती येथे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली व पुढे इंदापूर येथेही महाविद्यालय निघाले. घरी राहून पदवी घेणे शक्य झाल्याने पालकांपुढील प्रश्नाचे स्वरूपच पालटले.

महाविद्यालयाखेरीज अन्य मार्गही होते. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात १९३४ मध्ये उभारलेल्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे तेथे यंत्रनिर्मितीही होऊ लागली. सहकारी साखर कारखान्यांमुळे जोडारी, वीजतंत्री, रसायनज्ञ अशा कुशल माणसांची गरज वाढली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा यांमुळे या कामांचे रीतसर शिक्षण मिळू लागले. तथापि पदवीलाच प्रतिष्ठा मानणाऱ्या अनेक घरांत हा मार्ग नापासांसाठीचा समजला गेला.

मुदलियार आयोगाने (१९५२–५३) शाळांतून व्यवसाय मार्गदर्शनाची शिफारस केली होती. १९७० नंतरच्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर शाखेची निवड दहावीनंतरच, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, करावी लागू लागली. ग्रामीण भागात मार्गदर्शनाचे काम बहुधा वर्गशिक्षक व शिकलेला एखादा नातेवाईक यांच्याकडे राहिले. २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली व ती काही वर्षे घेतली. अशा चाचणीने मुलाचा कल कळतो. कुटुंबाची ऐपत, उत्पन्नाचा व जातीचा दाखला मिळविण्याची मुदत किंवा शिष्यवृत्तीची अट मात्र कळत नाही. गुणवत्ता असूनही दाखल्याअभावी सवलत हुकू शकते. म्हणून ही माहिती निकालानंतर नव्हे, तर नववी-दहावीतच पालकांपर्यंत पोहोचणे आवश्यक ठरते.

मुलींच्या बाबतीत अंतराचा प्रश्न अधिक तीव्र होता. गावातील शाळा संपली की एस.टी.चा प्रवास, सुरक्षित निवास व विवाहाची घाई यांवर त्यांचे पुढील शिक्षण अवलंबून असे. बारामतीजवळील शारदानगर येथे मुलींचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शुल्कमाफी दिली. मात्र शुल्क माफ झाले, तरी भोजन, निवास व प्रवास यांचा खर्च उरतो. तो कोण व कसा सोसणार, याचा विचार घरात वेळीच झाला, तरच सवलतीचा लाभ प्रत्यक्षात पदरी पडतो.