कच्चं मडकं: १८५२ सालच्या पुण्यात आलेला मॉर्मन प्रचारक

मी धाराशिवहून बोलतोय. हा भाग ऐकायला वेळ नाही अशांसाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना जिथे जिथे अडखळलो, तेवढं फक्त काढून टाकलंय.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. बी. ए. झाल्यावर मी ८ महिने पुण्यात पाणी शुद्ध करायची मशीनं विकली. दारोदार फिरून. कंपनीने अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी असं भाषण दिलेलं, ते तोंडपाठ करायचं. वर साहेबांची सूचना, "तुझं ते मराठवाड्याचं बोलणं इथे चालायचं नाही, नीट बोल." मग मी 'नीट' बोलायचो आणि लोक नीटपणे दार लावून घ्यायचे. दिवसाला पन्नासेक दारं. त्यातली ४५ तर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत बंद.

एकदा पावसात बसथांब्याच्या शेडखाली दोन पोरं भेटली. पांढरा शर्ट, टाय, खिशाजवळ काळी नावाची पट्टी. वय एकोणीस-वीस, पण पट्टीवर 'एल्डर', म्हणजे वडीलधारे! मी हसलो, तेही हसले. ते मॉर्मन पंथाचे प्रचारक होते. एक तेलुगू बोलणारा, दुसरा ईशान्येकडचा. पुणं दोघांनाही परकं. मी विचारलं, "तुम्ही पण दारं वाजवता का?" तर म्हणाले, आम्ही बोलावलं तरच जातो. आणि मग एक जण म्हणाला, "आमचा पहिला माणूस पुण्यात १८५२ ला आला होता."

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि मला हे माहीतच नव्हतं! तेव्हापासून हा विषय डोक्यात होता.

आधी या पोरांचा दिनक्रम सांगतो, म्हणजे जुनी गोष्ट कळेल. मुलं १८ व्या वर्षापासून २ वर्षांसाठी जाऊ शकतात. कुठे जायचं हे स्वतः ठरवायचं नाही, पत्र येईल तिकडे जायचं. त्याआधी काही आठवडे प्रशिक्षण आणि गरज असेल तर नवी भाषा. सकाळी साधारण साडेसहाला उठायचं, वाचन, भाषेचा अभ्यास, मग दिवसभर लोकांच्या भेटी. कायम दोघं बरोबर, एकट्याने फिरायचं नाही. पगार नाही. उलट खर्च स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खिशातून. घरी फोनवर बोलायला पूर्वी वर्षातून दोनदाच मिळायचं. दर आठवड्याला बोलायची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. होस्टेलवर राहिलेल्यांनी जरा कल्पना करून बघा.

आता १८५२ मध्ये जाऊ. हा पंथ तेव्हा अवघा २२ वर्षांचा. अमेरिकेत १८३० मध्ये निघालेला, तिथे मार खाऊन पश्चिमेच्या वाळवंटात सॉल्ट लेकला जाऊन बसलेला. ऑगस्ट १८५२ मध्ये तिथे मोठी सभा झाली आणि जगभर माणसं पाठवायचं ठरलं. हिंदुस्थान आणि सयाम मिळून १३ जण निघाले. सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्याला उतरले. त्यातला एक, एमॉस मिल्टन मसर, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. त्याची रवानगी पुढे कराचीला झाली, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच.

पण आपल्या मराठी मुलखात त्यांच्याही आधी एक जण पोचला होता. ह्यू फिंडले. स्कॉटलंडचा, तिशीच्या आसपासचा. हा अमेरिकेहून नाही, ब्रिटनमधूनच आला. सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि तिथून पुढे पुण्यात गेला. पुण्याला रेल्वे यायला अजून ६ वर्षं होती, त्यामुळे बोरघाटाचा रस्ता.

या लोकांचा नियमच असा की पैशाची थैली न घेता निघायचं, देणारे देतील. अमेरिकेतल्या खेड्यांत हे जमून जात असेल. इथे कोण देणार? इंग्रजांच्या दृष्टीने हा वेडा पंथ आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने आणखी एक साहेब.

त्यात वेळ इतकी वाईट की विचारू नका. ज्या ऑगस्टच्या सभेत माणसं पाठवायचं ठरलं, त्याच सभेत या पंथाने आपल्यात बहुपत्नीत्व आहे असं जाहीर केलं. फिंडले इथे पोचला, मागोमाग ही बातमीही पोचली. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी आणि इतर पाद्र्यांनी त्याला धारेवर धरलं. पुढे १८९० मध्ये या पंथाने ती प्रथा सोडायचं जाहीर केलं, पण १८५२ मध्ये पहिला प्रश्न तोच असायचा. पुण्यात सगळ्यात जास्त इंग्रज कुठे? छावणीत. तिथे लष्कराने त्याच्या प्रचाराला आडकाठी केली. म्हणजे ज्यांची भाषा याला येत होती, तीच दारं बंद.

उरलं कोण? मराठी बोलणारं पुणं. आणि हे पुणं तेव्हा काय झोपलेलं होतं का? अजिबात नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंची शाळा १८४८ पासून सुरू होती. फिंडले आला त्याच वर्षी, नोव्हेंबर १८५२ मध्ये, विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. धर्मावर वाद घालायला लोक तयार होते. पण मराठीत. आणि ख्रिस्ती प्रचारकही त्यांना नवीन नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ मध्येच मुंबईत आला होता. तो मराठी शिकला, बायबलच्या नव्या कराराच्या मराठी भाषांतरात खपला आणि १८२६ मध्ये नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना वाटेतच कॉलऱ्याने गेला. १३ वर्षं इथे काढली त्याने. त्यांच्याकडे शाळा होत्या, छापखाना होता.

फिंडलेकडे यातलं काहीच नाही. मग त्याने काय केलं? मराठी शिकायला बसला. जगाला शिकवायला निघालेला माणूस पुण्यात आधी विद्यार्थी झाला. या गोष्टीतलं हे मला सगळ्यात आवडतं. साहेबाच्या तोंडात 'ळ' बसवणं काय असतं, विचार करा. 'च' चे दोन उच्चार, 'तू' कुणाला आणि 'तुम्ही' कुणाला... एक चुकलं की समोरचा हसणार. मला तर माझीच भाषा बोलताना हसले होते!

आता ऐकणाऱ्याच्या बाजूनेही बघू. तेव्हा धर्म बदलणं म्हणजे घर, जात, पंगत, सगळं सुटणं. वारसाहक्क जाऊ नये म्हणून सरकारने १८५० मध्ये कायदा केला होता, पण आई बोलायची बंद झाली तर कायदा काय करणार? बेळगावच्या बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो अनेक वर्षांच्या वाचनानंतर आणि घालमेलीनंतर. म्हणजे दाराआडचा माणूस मूर्ख होता म्हणून दार उघडत नव्हता, असं नाही. त्याचं काय काय पणाला लागतंय हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि बाहेरचा माणूस तर २-३ वर्षांत निघून जाणार.

तसंच झालं. पुण्यात डझनाच्या आसपास माणसांची मंडळी जमली, ती मुख्यतः युरोपीय आणि मिश्र कुटुंबांतली. १८५५ मध्ये फिंडलेने मुंबईत हिंदुस्थानच्या मराठ्यांना उद्देशून एक छोटी पुस्तिका छापली आणि त्याच वर्षी तो देश सोडून गेला. १८५६ पर्यंत जवळजवळ सगळेच प्रचारक परतले. अख्ख्या हिंदुस्थानात मिळून साठेक जणांनी दीक्षा घेतली होती. त्यातलेही बरेच पांगले. या पंथाचं स्वतंत्र भारतीय मिशन बंगळूरुला सुरू व्हायला १९९३ उजाडलं.

"बरं, मग यात धाराशिव कुठे?" असं म्हणाल. ह्यू फिंडले आपल्याकडे आल्याची काही नोंद माझ्या वाचनात नाही. पण आपल्याकडे तेर आहे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आजीने सांगितली नाही असं इथे एकही घर नसेल. संतमंडळी जमलेली. मुक्ताबाई म्हणते, काका, यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती ते बघा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणतात. बाकीचे गप्प. नामदेव चिडतात. गोरोबा म्हणतात, हे मडकं कच्चं. मग नामदेव रागावून विठ्ठलाकडे जातात आणि शेवटी विसोबा खेचरांना गुरू करतात.

आता पुढचं ऐका. हेच नामदेव मराठी मुलूख सोडून पार पंजाबपर्यंत गेले. परक्या मुलखात, परक्या भाषेत. तिकडच्या बोलीत त्यांनी रचना केल्या आणि आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.

दोघांची तुलना करून कोण मोठा हे मला ठरवायचं नाही. काळ वेगळा, राज्य वेगळं. नामदेवांच्या मागे गोऱ्या सरकारचा रंग नव्हता. पण एक गोष्ट दोघांकडून कळते. परक्या दारात गेल्यावर आधी थापटणं आपल्या डोक्यावर पडतं. ते सोसून तिथे किती दिवस थांबतो, यावर पुढचं ठरतं. फिंडले शिकायला बसला, पण थांबला अडीच-तीन वर्षं.

माझं सांगून संपवतो. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात एका आज्जींनी दार उघडलं. मी भाषण सुरू केलं आणि मध्येच विसरलो. घाबरून तोंडातून निघालं, "आज्जी, लई तहान लागलीय, पाणी मिळंल का?" आज्जी बघतच राहिल्या. "कुठला रं तू?" म्हटलं, "धाराशिव." तर आज्जींचं माहेर परंड्याचं! अर्धा तास बसवून घेतलं, भाकरी-पिठलं वाढलं. मशीन काही घेतलं नाही. म्हणाल्या, "पाणी उकळून पिते की मी." पण त्या ८ महिन्यांत पोटभर बोललो ते त्या एकाच घरात.

तुम्ही परक्या गावात कामाला असाल, तर तिथली भाषा शिकताना तुमचं सगळ्यात पहिलं हसं कशावरून झालं? आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू. काळजी घ्या.