मनमाडला उतरणाऱ्या गाठी



खेळण्यातली रेल्वे रुळांच्या गोलात फिरत राहते. खऱ्या रेल्वेला काम असतं. कुठून काय उचलायचं, कुठे उतरवायचं, समोरून गाडी आली तर कुठे थांबायचं. हे काम दाखवणारी छोटी रेल्वे टेबलावर मांडायची, तर आधी त्या मार्गाचा इतिहास बघावा लागतो. उस्मानपुऱ्यापासून रेल्वे स्टेशन जवळ आहे, म्हणून आम्ही आपलाच मार्ग घेतला.

हैदराबाद ते मनमाड ही रेल्वे निजामाच्या राज्यात १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाली. ती मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत जेमतेम सव्वातीन फूट अंतर. मनमाडहून मुंबईला जाणारी लाइन ब्रॉडगेज, तिथे अंतर साडेपाच फूट. एकीचा डबा दुसरीवर चालायचा नाही.

रेल्वे आल्यावर जालना-औरंगाबाद भागात सरकी काढण्याचे कारखाने वाढले. तिथली कापसाची गाठ मुंबईला पाठवायची, तर मनमाडला उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. ते ओझं हमालांच्या पाठीवर. आणि गाठ बांधण्याआधी वेचणी आलीच, ती बायकांच्या हातांनी. मालाच्या पावतीवर वजन आणि भाडं असतं, या हातांचं नाव नसतं.

आता मांडणी कशी करायची ते सांगतो. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याने मॉडेल करतात. त्या मापाने मनमाड ते आपलं शहर एवढाच मार्ग सव्वा किलोमीटरचा होईल! म्हणून निवड करावी लागते. आम्ही चार ठिकाणं ठेवली: मनमाड, लासूर, आपलं शहर आणि जालना.

लासूरला दोन रूळ. मार्ग एकेरी, म्हणून एक गाडी बाजूला थांबल्याशिवाय दुसरी पुढे जात नाही. एकेरी मार्गावर पूर्वी अनेक ठिकाणी ड्रायव्हरला टोकन म्हणून लोखंडी गोळा देत. गोळा हातात आला तरच पुढे जायचं. आपण मोठा मणी घ्यावा. ज्या बाईकडे मणी, तिचीच गाडी सुटेल.

मनमाडला दोन वेगळ्या रुंदीचे रूळ शेजारी ठेवा. काडेपेटीचे डबे, त्यात कापसाचे बोळे. प्रत्येक बोळा हाताने या डब्यातून त्या डब्यात टाका. किती वेळ जातो ते घड्याळावर बघा. मग कळतं, मालाला उशीर का होत असे आणि तो कोणाच्या कष्टावर पुढे जात असे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. सहलीला गेलात तर जरूर बघा.

१९९० नंतरच्या दशकात आपला मार्ग ब्रॉडगेज झाला. माल थेट जाऊ लागला, सोय झाली. गेज बदलामुळे मनमाडला करावी लागणारी उतरचढ मात्र संपली, आणि तिच्यावर चालणारी मजुरीही.

तुमच्या जवळच्या स्टेशनावर पूर्वी काय चढायचं, काय उतरायचं, ते कोण उचलायचं? घरातल्या आजी-आजोबांना विचारा, गटाच्या वहीत लिहून ठेवा. रूळ त्यानंतर मांडा.