ताणलेल्या केबलचं गणित

वाशीची खाडी ओलांडणारा पहिला रस्तापूल १९७३ मध्ये खुला झाला, तेव्हा नवी मुंबई बहुतांशी सिडकोच्या नकाशांतच होती. पूल प्रिस्ट्रेस्ड काँक्रीटचा. त्यामागची युक्ती आपल्या गावच्या लोहाराला जुनीच: लोखंडी धाव तापवून बैलगाडीच्या चाकावर चढवायची; निवताना ती आवळते आणि ओझं येण्याआधीच लाकडाचे सांधे घट्ट दाबले जातात. गर्डरमध्ये हे काम पोलादी केबल करतात. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आधीच दाबून ठेवलं की गाड्यांच्या भाराने येणारा ताण त्या दाबातून वजा होतो.

खरी अडचण काळाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साध्या सळया ताणून असे प्रयत्न झाले, पण तो ताण टिकेना. फ्रान्समध्ये युजीन फ्रेसिनेने बांधलेल्या ल व्हर्द्र पुलाच्या कमानी हळूहळू खचू लागल्या, तेव्हा त्याने मध्यावर जॅक लावून त्या उचलल्या. दाबाखालचं काँक्रीट वर्षानुवर्षं आखूड होत राहतं, म्हणजेच क्रीप, हे त्याला तिथे उमगलं. साधी सळई ताणली की मीटरमागे जेमतेम पाऊण मिलिमीटर लांबते; क्रीप आणि आक्रसण मिळून काँक्रीटही जवळपास तेवढंच आखूड होतं. मग उरतं काय? उच्च ताकदीची तार मात्र मीटरमागे सहा मिलिमीटरांहून जास्त ताणता येते, म्हणून तिच्यातला बराचसा ताण शाबूत राहतो. फ्रेसिनेचं या पद्धतीचं पेटंट १९२८ चं.

भारताचं प्रिस्ट्रेस्ड काँक्रीटचं मानक, आयएस १३४३, १९६० मध्ये आलं. हाताने केलेल्या हिशेबात क्रीप आणि आक्रसणाने ताणात होणारी घट ठोक वजावट म्हणून धरता येई. पण तडा गेल्यानंतर तुळई कशी वाकते, हे सांगायला संगणकच हवा होता. १९६७ मध्ये बर्कलीच्या न्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी साध्या सळयांच्या तुळईचे लहान लहान तुकडे कल्पून तिचं गणित मांडलं. तडा कुठे जाणार, हे मात्र आधीच ठरवून द्यावं लागे. पुढच्याच वर्षी रशीद या संशोधकाने तडा त्या तुकड्याच्या गुणधर्मातच विरघळवला. त्याच्यापुढचा प्रश्न अणुभट्टीच्या प्रिस्ट्रेस्ड पात्राचा होता. १९८० च्या सुमारास कांग आणि स्कॉर्डेलिस यांनी क्रीप, आक्रसण आणि केबलचं सैलावणं टप्प्याटप्प्याने जोडलं. माझ्या मते खरं प्रिस्ट्रेस्ड मॉडेल तिथे जन्मलं, कारण त्यात तुळईला वय आलं.

केबल धड आहे, हे मात्र गृहीतच होतं. खाडीच्या खाऱ्या हवेने ते खोटं ठरवलं. वाशीच्या पुलाच्या केबलांना गंज लागला. गोव्यात मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तोही गंजापायीच. १९९७ मध्ये वाशीच्या जुन्या पुलाशेजारी दुसरा पूल सुरू झाला.

अशा गंजलेल्या पुलाचं मॉडेल करताना केबलचा छेद कमी करावा लागतो आणि केबलभोवती भरलेलं सिमेंटचं ग्राउट जिथे सुटलं असेल तिथली पकड काढावी लागते. दुरुस्तीसाठी गर्डरबाहेरून केबल लावली तर गणित आणखी बदलतं: ती काँक्रीटला चिकटलेली नसल्याने तिचा ताण एका छेदावर ठरत नाही, दोन टोकांमधल्या पूर्ण लांबीवर वाटला जातो. मग पुलावर भरलेले ट्रक उभे करून गर्डर किती वाकला ते मोजतात आणि तो आकडा जुळेपर्यंत मॉडेलमधला ताण कमी-जास्त करत राहतात.